दोष कर्ण्याचा, शिक्षा वादकाला

जुनी तबकडी लावलीत की "पियानो डबड्यासारखा वाजतोय" म्हणून तुम्ही ती बंद करता ना? मग माझं तुमच्याशी भांडण आहे.

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता, नुसता कर्णा होता. आवाजाच्या जोरावर पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरी. खर्ज आणि वरचे झंकार वाटेतच हरवत. म्हणून पुष्कळदा उभा पियानो घेत, मागची फळी काढून तो कर्ण्याच्या उंचीला चढवत. १९०२ साली मिलानच्या हॉटेलात कारुसो गायला, तेव्हा साथीचा पियानो खोक्यांवर होता. बुसोनीने तर पत्नीला पत्रातून गाऱ्हाणं सांगितलं: दहा मिनिटांची रचना चारात बसवा, पेडल जपून वापरा!

कारुसोला मुद्रित करणाऱ्या गाइसबर्गनेच त्याच वर्षी कलकत्त्यात गौहरजानला मुद्रित केलं. तिच्या तबकडीची खरखर आपण कौतुकाने सोसतो. मग १९०३ मध्ये पॅरिसला स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या ग्रीगनेच काय घोडं मारलंय?

नाद हरवला, हे मान्य. पण लय कुठे ओढली, डावा हात उजव्याआधी कुठे पडला, हे कर्ण्यालाही लपवता आलं नाही. ते ऐका, मग निकाल द्या.