जुनी बाकी आणि पोरीची नवी फी



या वेळी उन्हाळी वाळवणांवर लिहिणार होते. पण अकोल्याला धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहून आले आणि वाळवणे बाजूला राहिली.

माझ्या भाचीने 2017 मध्ये इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज घेतले. दुसऱ्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला, दुकान बंद पडले आणि पोर शिक्षण सोडून घरी आली. शिकवण्या घेत तिने पुढे बी.एस्सी. केले. कर्ज मात्र तसेच राहिले. मुद्दल एक लाख चाळीस हजार, व्याज धरून आता दोन लाखांच्या वर. यंदा एम.सी.ए.ला नंबर लागला. बँकेत गेली तर साहेब म्हणाले, "सिबिल खराब आहे, आधी जुने भरा." मग आपल्याच समाजाच्या एका ट्रस्टकडे मदतीचा अर्ज केला. त्यात रकाना होता : पूर्वीचे कर्ज थकीत आहे का? तिने खरे ते लिहिले. अर्ज परत आला.

एक नातेवाईक म्हणाले, "तो रकाना कोरा सोडायचा होता." मला बँकेपेक्षा या सल्ल्याचा राग जास्त आला. घेतलेले पैसे देणे लागतातच. ऐपत असून न देणे म्हणजे अचौर्य व्रताला बट्टा, आणि बाकी लपवणे म्हणजे सत्यालाही. तेव्हा कोणी असे समजू नका की मी कर्जमाफी मागते आहे.

माझे म्हणणे हिशेबाचे आहे. मी 1981ची बी.कॉम. आहे, संसारात फक्त वाण्याची वही लिहिली, तरी येणे बाकी कशाला म्हणतात ते विसरले नाही. बाकी वसूल व्हायची तर देणेकऱ्याची कमाई व्हायला हवी. शिकवण्यांच्या पाच-सहा हजारांत घर चालते, दोन लाख फिटत नाहीत. एम.सी.ए. झाली तर नोकरी लागेल आणि दोन्ही कर्जे फिटतील. नाही झाली तर जुने पैसेही बुडाले. "आधी फेड, मग शिक" म्हणणाऱ्याने फेडायची वाटच बंद केली, हे साध्या बेरीज-वजाबाकीत कळते.

बँकेची जोखीम मोठी, असे सांगतात. 2015 पासून साडेसात लाखांपर्यंतच्या विनातारण शैक्षणिक कर्जासाठी केंद्र सरकारची हमी योजना आहे. त्यात बुडाले तर 75 टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. मे 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे असाच एक विद्यार्थी आला होता. त्याची दोन जुनी कर्जे होती : एकाचे हप्ते थकलेले, दुसरे बँकेने निर्लेखित केलेले. तरीही केवळ सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याची रक्कम द्यायला लावली. तो आदेश आपल्याकडच्या बँकेला बांधील नसेल, पण वाचायला तर हरकत नाही?

आणि केरळपर्यंत तरी कशाला जायचे! 1933 साली आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला. त्यासाठी झटणारे भाऊसाहेब पंजाबराव देशमुख आपल्या अमरावती जिल्ह्यातले. सावकार आणि शेतकरी यांना मंडळापुढे समोरासमोर बसवायचे आणि ऐपत पाहून देणे व हप्ते ठरवायचे, अशी ती रीत. तेव्हा समोरासमोर बसणे जमले. आज संगणकावर तीन आकडे पाहून पोरीला दारातून परत पाठवतात.

आता थोडे आपल्या घरातले. राग मानू नका. पर्युषणात पहिल्या अभिषेकाची बोली किती चढते ते आपण सगळ्या पाहतो. त्यातल्या किती रकमा पुढच्या चातुर्मासापर्यंत वहीत येणे दिसतात, तेही ज्यांच्या घरी मंदिराची वही आहे त्यांना ठाऊक आहे. त्या थकबाकीदाराला पुढच्या वर्षी बोली लावू नका असे कोणी म्हणते का? उलट त्याला पुढच्या रांगेत बसवतात. दानाची बाकी चालते, आजारी बापाच्या पोरीची चालत नाही. क्षमावणीला सगळ्यांपुढे हात जोडणारे आपण हेच का?

बहीण म्हणाली, "ताई, पोरीनं खरं लिहिलं थेच चुकलं का वं?" मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन दोन गोष्टी केल्या. भाचीला सांगितले, जुन्या खात्यात महिन्याला दोन हजार भर, पावती जपून ठेव. आणि बँकेने नाही म्हटले तर ते लेखी माग. पहिले सहा हप्ते माझ्या भिशीतून जातील. ती ते मला परत करणार आहे, आणि मी घेणार आहे.

तुमच्यापैकी कोणाचे यजमान, दीर, सासरे एखाद्या ट्रस्टवर असतील तर त्यांच्याशी एवढेच बोला. थकबाकीचा रकाना राहू द्या. त्याच्याखाली आणखी एक छापा : कशामुळे थकली, आणि कशी फेडणार? मग मुलीला समोर बसवून तिचे उत्तर ऐका.