१९३१ची खानेसुमारी : बहिष्कार कुणाचा, भुर्दंड कुणाला?

१/
जातनिहाय आकडेवारीचा वाद कुठेही पेटला की १९३१चे नाव निघतेच. मंडल आयोगाच्या अहवालापासून आजच्या आरक्षणाच्या चर्चेपर्यंत प्रत्येक धागा त्या एका जनगणनेपाशी जाऊन पोहोचतो. परंतु तिच्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन देशातल्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय पक्षाने केले होते, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. आजचा थ्रेड त्या बहिष्काराविषयी आहे. माझे मत आरंभीच मांडते : तो बहिष्कार चुकीचा होता, आणि तो बहुतांशी फसला हे आपले भाग्य.

२/
आधी पार्श्वभूमी. १९३०च्या मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली. ५ मे रोजी गांधीजींना अटक होऊन त्यांची रवानगी येरवड्याच्या तुरुंगात झाली. मीठ, परदेशी कापड, दारू, शेतसारा : सरकारला जिथे जिथे जनतेचे सहकार्य लागते, तिथे तिथे ते नाकारायचे, हे सविनय कायदेभंगाचे सूत्र होते. खानेसुमारी, म्हणजे त्या काळच्या मराठीतली जनगणना, तर निव्वळ सहकार्यावरच उभी असे. लाखो प्रगणक, त्यांतले बहुसंख्य बिनमोबदल्याचे, आणि दारात आलेल्या माणसाला खरे उत्तर देणारे कोट्यवधी लोक. एवढे सोपे लक्ष्य चळवळीच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

३/
अंतिम मोजणीची रात्र ठरली होती २६ फेब्रुवारी १९३१. त्याआधी काही आठवडे घरांना क्रमांक घालून प्राथमिक नोंदी तयार करायच्या आणि त्या रात्री त्या पडताळून घ्यायच्या, अशी पद्धत होती. काँग्रेसने ११ जानेवारी १९३१, रविवार, हा जनगणनेवरील बहिष्काराचा दिवस म्हणून जाहीर केला. जनगणना आयुक्त होते जे. एच. हटन. नागा टेकड्यांत दीर्घकाळ काम केलेला हा मानववंशशास्त्रज्ञ अधिकारी. या बहिष्काराची दखल त्याच्या अहवालातही आहे.

४/
बहिष्कार पुकारणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती, हे मान्य करूनच पुढे जाऊ. मोजणारे सरकार परके होते. ते धर्म आणि जात विचारत होते, आणि १९०९पासून धर्माच्या आधारे स्वतंत्र मतदारसंघही वाटत होते. आकडा हे राज्यकर्त्याच्या हातातले शस्त्र आहे, ही शंका निराधार नव्हती. शिवाय तुरुंगात गेलेल्या माणसांना ‘तुम्ही त्याग केला नाही’ असे कोण म्हणेल? प्रश्न त्यागाचा नाहीच. प्रश्न असा आहे की या विशिष्ट नकाराची किंमत कुणाच्या खात्यावर पडणार होती.

५/
आता त्याच आठवड्यात लंडनमध्ये काय चालले होते ते पाहा. पहिली गोलमेज परिषद १२ नोव्हेंबर १९३० ते १९ जानेवारी १९३१ या काळात भरली होती. काँग्रेस तिथे नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन हे मात्र भावी राज्यघटनेत अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडत होते. ज्यांच्यामागे ना जमीन होती, ना संस्थाने, ना गिरण्या, त्यांच्यापाशी वाटाघाटीच्या मेजावर ठेवण्यासाठी एकच भांडवल होते : आपली संख्या. इकडे भारतात आवाहन होत होते ते संख्याच सांगू नका असे.

६/
त्याच जनगणनेतले पंजाबचे उदाहरण याहून बोलके आहे. मंगूराम यांच्या नेतृत्वाखालील आद धर्म चळवळीने अस्पृश्यांना सांगितले : हिंदू, शीख, मुसलमान यांपैकी काहीही लिहवून घेऊ नका, ‘आद धर्मी’ लिहवा. स्थानिक विरोध आणि दबाव सोसून ४ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी तशी नोंद करून घेतली. एकीकडे पुढारी गणतीपासून दूर राहा म्हणत होते आणि दुसरीकडे खेड्यातला चर्मकार आपल्या पसंतीच्या नावाने मोजले जाण्यासाठी झगडत होता. या दोहोंतले अधिक क्रांतिकारक कृत्य कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे उत्तर उघड आहे.

७/
बहिष्कार देशभर यशस्वी झाला नाही. गुजरातेत मात्र त्याचा जोर होता आणि अहमदाबादेतल्या मोजणीला त्याची झळ बसली. १९३१च्या नोंदीत अहमदाबादची लोकसंख्या ३ लाखांच्या थोडी वर दिसते, १९४१मध्ये ती ५ लाख ९० हजारांच्या आसपास जाते. या उडीत गिरण्यांकडे आलेल्या मजुरांचा वाटा किती, शहराच्या वाढलेल्या हद्दीचा किती आणि १९३१मध्ये न मोजलेल्या माणसांचा किती? नागरी इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला हे तीन धागे आज वेगळे काढता येत नाहीत. न भरलेला रकाना नंतर कधीच भरता येत नाही.

८/
आकडा संदिग्ध राहिला की त्याचा लाभ कुणाला होतो, हेही लगेच दिसून आले. १९३२मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येवरूनच वाद पेटला. संयुक्त प्रांतात ती संख्या एका अंदाजात कोटीच्या घरात होती, तर दुसऱ्या अंदाजात जेमतेम काही लाखांवर आली. समितीत असलेल्या आंबेडकरांनी पुढे या आकडेमोडीवर कठोर शब्दांत लिहिले. संख्येवर जागा ठरणार म्हटल्याबरोबर अस्पृश्य ‘कमी’ होऊ लागले होते.

९/
२४ सप्टेंबर १९३२च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा राखीव ठरल्या. पुढे १९३६मध्ये अनुसूचित जातींची यादी निघाली, तिच्यामागे १९३१च्या जनगणनेत झालेले वर्गीकरण होते. म्हणजे ‘अनुसूचित जाती’ या आपल्या घटनात्मक संज्ञेची एक मुळी थेट त्या बहिष्कृत खानेसुमारीत आहे.

१०/
यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा. १९४१ची जनगणना महायुद्धाच्या काळात झाली आणि जातींची सारणी प्रसिद्ध झालीच नाही. १९५१पासून अनुसूचित जाती-जमाती वगळता इतर जातींची मोजणीच थांबली. त्यामुळे १९३१ हीच जातींचे संपूर्ण आकडे देणारी अखेरची जनगणना ठरली. १९८०मध्ये मंडल आयोगाने इतर मागासवर्गीयांचा ५२ टक्के हा अंदाज बांधला, तो याच आकड्यांच्या आधारे. ऑगस्ट १९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने मंडल शिफारशींच्या अंमलबजावणीची घोषणा केली, तेव्हा ती आकडेवारी जवळपास ६० वर्षे जुनी होती. पण निदान होती.

११/
आता कल्पना करा, तो बहिष्कार सर्वत्र अहमदाबादेसारखा चालला असता तर? १९३१चे पुढारी त्याची किंमत मोजणार नव्हते. त्यांतले अनेक पुढे मंत्री झाले, काहींचे पुतळे उभे राहिले. किंमत मोजली असती ती तेव्हा जन्मालाही न आलेल्या तेली, कुंभार, धनगर, नाभिक कुटुंबांतल्या मुलांनी. ‘तुमची संख्या किती?’ या प्रश्नापुढे त्यांच्यापाशी जुनापुराणा आकडाही उरला नसता.

१२/
आकडा नसण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला धक्का देणारा निकाल दिला. कारणांतले एक होते : राजकीय मागासलेपणाची समकालीन, अनुभवसिद्ध माहिती सरकारपाशी नाही. गावच्या पंचायतीत उभे राहू पाहणाऱ्या सामान्य कार्यकर्त्याची जागा अडली ती रिकाम्या रकान्यामुळे.

१३/
‘पण राज्यसंस्थेवर विश्वास कसा ठेवायचा?’ हा आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेत २००९मध्ये मिनेसोटाच्या प्रतिनिधी मिशेल बाकमन यांनी जाहीर केले की २०१०च्या जनगणनेत आपण घरातल्या माणसांची संख्या सांगू, त्यापलीकडे काही नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबताना जनगणनेची माहिती वापरली गेली, हा त्यांचा दाखला होता. दाखला खोटा नव्हता. १९४३मध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातील जपानी वंशाच्या लोकांची नावे-पत्ते जनगणना विभागाने दुसऱ्या सरकारी यंत्रणेला पुरवल्याचे संशोधकांनी २००७मध्ये दाखवून दिले आहे.

१४/
परंतु ती माहिती फुटली कशी? १९४२च्या युद्धाधिकार कायद्याने गोपनीयतेचे कवच काढून घेतले म्हणून. आणि तो कायदा केला कुणी? बाकमन ज्या संसदेत बसत होत्या, त्याच संसदेने. कवच पुन्हा कुणी काढू नये अशी तरतूद करण्याचे सामर्थ्य सामान्य नागरिकापाशी नसते, लोकप्रतिनिधीपाशी असते. ते सामर्थ्य न वापरता लोकांपुढे अपुऱ्या अर्जाचा आदर्श ठेवणे याला प्रतिकार म्हणत नाहीत.

१५/
त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या तीन सदस्यांनी त्यांना हा पवित्रा सोडण्याचे जाहीर आवाहन केले, कारण गणित सरळ होते. प्रतिनिधिगृहातल्या ४३५ जागा राज्यांच्या लोकसंख्येवर वाटल्या जातात. २०१०च्या मोजणीनंतर त्यांतली अगदी शेवटची, ४३५वी जागा कुणाला मिळाली? मिनेसोटालाच. २०२०मध्ये न्यूयॉर्कने एक जागा गमावली ती अवघ्या ८९ माणसांच्या फरकाने. प्रत्येक कोऱ्या अर्जाला वजन असते, आणि ते नकार देणाऱ्याच्या शेजाऱ्यालाही वाहावे लागते.

१६/
मग नकार कधीच न्याय्य नसतो का? २ एप्रिल १९११ रोजी ब्रिटनमधील मताधिकारवादी स्त्रियांनी जनगणना टाळली. एमिली डेव्हिसन तर त्या रात्री थेट संसदेच्या इमारतीत लपून राहिली. (गंमत अशी की तिची नोंद दोन ठिकाणी झाली : संसदेत आणि तिच्या राहत्या घरी.) त्यांच्या नकाराकडे मी आदराने पाहते, कारण त्यांना मतच नव्हते. कायदे करणाऱ्या सभागृहाचे दार त्यांना बंद होते. ज्याचे म्हणणे ऐकून घेण्याची दुसरी कोणतीही जागा नाही, त्याचा नकार हे भाषण असते. ज्याच्यापुढे ध्वनिक्षेपक आहे, सभागृहात आसन आहे, मागे पक्ष आहे, त्याचा नकार ही निव्वळ गैरहजेरी असते.

१७/
१९३१ची काँग्रेस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी होती. साम्राज्यापुढे ती सत्ताहीन होती, हे खरे. पण देशातल्या अस्पृश्यांपुढे, आदिवासींपुढे, कारागीर जातींपुढे ती सत्ताहीन नव्हती. तिचा शब्द कोट्यवधी लोक मानत होते. ज्याचा शब्द इतका चालतो, त्याने आपल्याहून दुबळ्यांच्या हातातला एकुलता एक कागद फाडायला सांगू नये.

१८/
भारताच्या पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे, आणि तीत जातही नोंदवली जाणार आहे. उद्या कोणताही नेता, कोणत्याही पक्षाचा, ‘आमच्या लोकांनी माहिती देऊ नये’ म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला : तुम्हाला माहितीच्या गैरवापराची भीती आहे ना, मग जनगणना अधिनियम १९४८च्या कलम १५मधली गोपनीयता अधिक कडक करण्यासाठी तुम्ही सभागृहात काय केलेत? दुसरा : आमचा आकडा चुकला तर तुमची कोणती जागा जाणार आहे?

१९/
पहिल्या प्रश्नाला ठोस उत्तर मिळाले तर त्यांच्या पाठीशी उभे राहा. न मिळाले तर प्रगणकाला दार उघडा, पाणी द्या, आणि त्याने काय लिहिले ते वाचून पाहिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. या मांडणीत दुरुस्ती सुचवायची असेल तर संदर्भासह जरूर सुचवा. पुढच्या थ्रेडमध्ये १९४१च्या, जातींच्या सारणीविना राहिलेल्या जनगणनेविषयी बोलू.