भागाकाराखालची माती

अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, संशोधन जहाजाच्या डेकवर लावलेल्या फिल्टरवर लोह सापडते, तांबे सापडते, व्हॅनेडियम आणि शिसेही सापडते. हे धातू मातीतून उडाले की माणसाने हवेत सोडले, हे ठरवताना आपण सारेच आधी एक भागाकार करतो. नमुन्यातील धातूचे अॅल्युमिनियमशी असलेले गुणोत्तर घ्यायचे आणि त्याला जगाच्या सरासरी भूकवचातील त्याच गुणोत्तराने भागायचे. हाच आपला एनरिचमेंट फॅक्टर. उत्तर 1 च्या जवळ आले तर स्रोत माती. 10 च्या वर गेले तर माणूस. आणि अधलीमधली उत्तरे संशयाच्या यादीत. समुद्रावरच्या धातूंचा माग काढणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेपुढे या अंकात एक आग्रह मांडायचा आहे. दख्खनच्या वाऱ्याखाली घेतलेल्या नमुन्याला दख्खनच्याच मातीने भागले पाहिजे, आणि त्या मातीच्या मोजणीला बुलढाणा जिल्ह्यातून सुरुवात व्हावी.

आधी आकडे पाहू. सरासरी खंडीय कवचाच्या वरच्या थरात अॅल्युमिनियम सुमारे 8 टक्के, लोह सुमारे 4 टक्के, तांबे किलोमागे 28 मिलिग्रॅम आणि व्हॅनेडियम 97 मिलिग्रॅम धरले जाते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये अॅल्युमिनियम 7 टक्क्यांच्या आसपास असते. लोह मात्र 9 ते 10 टक्के, तांबे साधारण 200 मिलिग्रॅम आणि व्हॅनेडियम 350 मिलिग्रॅमच्या घरात. आता फिल्टरवर निव्वळ बेसॉल्टची भुकटी पडली आहे असे समजा आणि नेहमीचा भागाकार करा. लोहाचा गुणांक अडीचच्या वर जातो, व्हॅनेडियमचा 4 येतो आणि तांब्याचा 8. वाऱ्याच्या वाटेत एकही धुराडे नसताना तांब्याचे खापर वाहनांच्या ब्रेकवर आणि व्हॅनेडियमचे जहाजांच्या जड तेलावर फुटू शकते. रसायनशाळेतले काम कितीही काटेकोर असले तरी ही चूक तिथे सापडणार नाही, कारण ती भागाकाराच्या छेदात बसलेली आहे.

बुलढाण्याचे नाव घेण्यामागे ठोस कारण आहे. इथले लोक जिल्ह्याचे दोन भाग सांगतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूला बेसॉल्टचे पठार आणि त्यावरची काळी-मुरमाड जमीन. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूला पूर्णेने आणून टाकलेला खोल गाळ आणि त्यातला खारपाण पट्टा. एकाच जिल्ह्यात मूळ खडकाजवळची माती आणि नदीने वाहून, घोळून ठेवलेली माती अशा दोन्ही मिळतात. कपाशी उपटली, हरभरा-गहू निघाला की नांगरटीनंतर ही जमीन जूनपर्यंत उघडी राहते.

त्यातच लोणार. 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झाले आहे, हे मांडणारा लेख 1973 साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यानंतर चंद्र आणि मंगळावरच्या विवरांशी तुलना करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांनी इथल्या खडकाचे बारकाईने विश्लेषण केले. खडकाची ही मोजमापे आपल्या हाताशी आहेत. मात्र खडकाचा तक्ता मातीला जसाच्या तसा लावता येत नाही. खडक झिजताना काही मूलद्रव्ये वाहून जातात, काही चिकणमातीत अडकतात. वाऱ्याबरोबर लांब जातात ते फक्त बारीक कण. बागायतीत फवारलेल्या तांब्याच्या बुरशीनाशकांची भरही त्यात पडते. म्हणून उडणारी मातीच मोजली पाहिजे.

अर्थात प्रत्येक ऋतूत या मातीला समुद्राची वाट मिळत नाही. डिसेंबर ते मार्चमध्ये वारे जमिनीकडून अरबी समुद्राकडे वाहतात. 1999 च्या इंडोएक्स मोहिमेने याच काळात उपखंडाचे धुरकट हिंदी महासागरावर दूरवर पसरलेले नोंदवले. जून ते सप्टेंबर वारा उलटा असतो, आणि तेव्हा समुद्रावर अरबस्तान व पूर्व आफ्रिकेची धूळ असते. हिवाळ्यातही धूळ दुसरीकडून येऊ शकते: जानेवारी 2022 मध्ये कराचीकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती. तेव्हा वाऱ्याचा मागोवा आधी आणि संदर्भ-मातीची निवड त्यानंतर, हा क्रम पाळायला हवा. थरच्या वाळवंटातल्या धुळीला बेसॉल्टने भागणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक ठरेल.

इतका खल कशासाठी? समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांना लोह लागते. ओमानजवळच्या अरबी समुद्रात मान्सूनच्या उत्तरार्धात इतर पोषकद्रव्ये मुबलक असूनही प्लवक बेताचेच वाढतात आणि यामागे लोहाची टंचाई असावी, असे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2010 साली मांडले. खनिज धुळीतले लोह पाण्यात फार थोडे विरघळते, ज्वलनातून आलेले त्याहून बरेच जास्त. उलट हवेतून पडणारे तांबे काही प्लवकांना विषारी ठरते, हे 2009 साली प्रयोगांनी दाखवले गेले. स्रोत चुकला की समुद्राच्या उत्पादकतेचा अंदाज चुकतो, आणि कोणते प्रदूषण आधी आवरायचे हेही चुकते.

तुलनेला काय ठेवायचे, याचे महत्त्व बुलढाण्याने नुकतेच अनुभवले आहे. 2024 च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रेशनच्या गव्हाशेजारी त्यांनी त्याच भागात पिकलेला गहू ठेवला, आणि दोन्हींतले अंतर प्रचंड निघाले. सरासरी आकड्यांच्या कोष्टकापेक्षा शेजारच्या शिवारातल्या धान्याने इथे अधिक स्पष्ट उत्तर दिले.

म्हणून पुढच्या हंगामासाठी काही कामे सुचवतो. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शिवारांतून माती घेऊन तिचा 10 मायक्रॉनखालचा भाग वेगळा करा. हायड्रोफ्लोरिक आम्लाने पूर्ण विघटन करा. नाहीतर सिलिकेटमधले अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम मागे राहते आणि छेद पुन्हा बिघडतो. स्ट्रॉन्शियम व निओडिमियमची समस्थानिके मोजा. त्यांवरून दख्खनची माती हिमालयीन गाळापासून वेगळी ओळखता येते. जिल्ह्याच्या पूर्वेला पारस आणि पश्चिमेला दीपनगरचे औष्णिक केंद्र आहे. तिथल्या राखेचेही नमुने याच संचात ठेवा.

प्रत्येक संस्थेने हा सारा खर्च स्वतंत्रपणे करण्याची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यातील महाविद्यालये माती गोळा करून चाळू शकतात. मोठी उपकरणे असलेल्या प्रयोगशाळांनी मोजणीची वेळ राखून द्यावी. अशा मोजणीचे तक्ते, निष्कर्ष नाट्यमय नसले तरी, आम्ही छापू. आणि यापुढे या मासिकाकडे येणाऱ्या प्रत्येक लेखात एनरिचमेंट फॅक्टर कोणत्या मातीने भागून काढला आणि तीच माती का निवडली, हे पद्धतीच्या भागात लिहिलेले असावे. तेवढे नसेल, तर लेख परीक्षकांकडे न पाठवता लेखकांकडे परत पाठवू.