विश्लेषण : जुलाब जिवाणूमुळे की विषाणूमुळे? फरक का महत्त्वाचा?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुलेन बॅरे सिंड्रोमचे म्हणजेच जीबीएसचे रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस हा विषाणू आढळला. दोन्हींमुळे जुलाब होतात. पण दोन्ही अगदी वेगळे आहेत.

मूळ फरक काय?

जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. ती अन्न घेते आणि दुभंगून वाढते. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचातील जनुकीय द्रव्य. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावरच त्याच्या प्रती तयार होतात.

प्रतिजैविके कुठे चालतात?

ती जिवाणूची पेशीभित्तिका किंवा प्रथिने बनवणारी यंत्रणा मोडतात. विषाणूकडे हे काहीच नसते. त्यामुळे ती त्याच्यावर निरुपयोगी ठरतात. विनाकारण घेतल्यास औषधांना दाद न देणारे जिवाणू मात्र वाढतात.

जीबीएस कसा होतो?

कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे क्वचित प्रसंगी रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच हल्ला करते. हा हल्ला प्रतिजैविकांनी थांबत नाही. त्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार लागतात. जीबीएस स्वतः संसर्गजन्य नाही.

काळजी काय घ्यावी?

पाणी उकळून प्यावे, चिकन पूर्ण शिजवावे. नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर फारसा प्रभावी नसतो, म्हणून हात साबणानेच धुवावेत. जुलाबानंतर हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवल्यास लगेच रुग्णालय गाठावे.