‘स्मार्ट’ कॅमेरा गोदामातली चोरी रोखतो की फक्त तिचं शूटिंग करतो?

मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी ओलांडताना दोन्ही बाजूंना पत्र्याची लांबच लांब गोदामं दिसतात. मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, पुढे थेट पडघ्यापर्यंत. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मोबाइल, मिक्सर किंवा साडी तुमच्या दारात येण्याआधी बहुधा अशाच एखाद्या शेडमध्ये मुक्काम करून आलेली असते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यानंतर या धंद्याचं गणित बदललं. त्याआधी आंतरराज्य विक्रीवरचा कर टाळण्यासाठी कंपन्या जवळपास प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवायच्या. ती गरज संपली आणि माल मोठ्या गोदामांत एकवटू लागला. एकाच छपराखाली कोट्यवधींचा माल म्हटल्यावर एका रात्रीत होणारं नुकसानही मोठं. म्हणूनच ‘एआय कॅमेरा बसवा, वॉचमनचा खर्च वाचवा’ अशा जाहिराती गोदाममालकांच्या व्हॉट्सॲपवर येऊन धडकतात.

या कॅमेऱ्यांनी चोरी खरंच थांबते का?

साधा आणि स्मार्ट यात फरक काय?

साधा सीसीटीव्ही फक्त रेकॉर्ड करतो. चोरी झाली की दुसऱ्या दिवशी मालक, मॅनेजर आणि पोलिस स्क्रीनसमोर बसून फुटेज मागे-पुढे करतात. त्यानंतर ‘मोशन डिटेक्शन’ आलं. चित्रात काही हललं की सूचना. पण पावसाची सर, कुत्रं, हेडलाइटचा झोत, लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं, सगळंच हलतं. रात्रीत शंभर सूचना आल्या की गार्ड फोन सायलेंट करतो आणि एकशे एकावी सूचना खरी असते.

स्मार्ट प्रणाली हललेली गोष्ट नेमकी काय आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करते. माणूस, ट्रक की मांजर? चित्रात एक काल्पनिक रेषा आखता येते. रात्री अकरानंतर ती रेषा माणसाने ओलांडली तरच सूचना, असा नियम घालता येतो. कुणी कुंपणाशी बराच वेळ रेंगाळतंय, बंद शटरसमोर गाडी उभी आहे, गेटवर आलेल्या ट्रकचा नंबर आजच्या यादीत नाही, हेही तिला कळू शकतं. काही प्रणाली धूर आणि ज्वाळाही ओळखतात. भिवंडी पट्ट्यात गोदामांना लागणाऱ्या आगी पाहिल्या, तर अनेकांसाठी चोरीपेक्षा हाच उपयोग मोठा ठरेल.

चेहरा का दिसत नाही?

फुटेज पाहून सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘माणूस दिसतोय, पण कोण ते कळत नाही’. कारण सोपं आहे. अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी चित्रात दर मीटरला साधारण २५० पिक्सेल हवेत, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. फुल एचडी कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. भागाकार केला तर असा एक कॅमेरा जेमतेम साडेसात मीटर रुंदीत चेहरा नीट टिपू शकतो. तोच कॅमेरा तीस मीटर रुंदीच्या आवारावर लावला की दर मीटरला ६४ पिक्सेल उरतात. कुणीतरी आलं होतं, एवढंच त्यातून कळतं.

म्हणजे छताच्या कोपऱ्यात उंचावर लावलेल्या चार महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा गेटवर आणि माल चढवण्याच्या धक्क्यावर चेहऱ्याच्या पातळीला लावलेला एक कॅमेरा जास्त कामाचा. विक्रेता हे सहसा सांगत नाही, कारण त्याला कॅमेऱ्यांची संख्या विकायची असते.

भिंत फोडूनच चोरी होते असं कुठंय?

गोदामातला माल दिवसाढवळ्या, दारातूनही जातो. चलनावर ४० बॉक्स, गाडीत ४२. परत आलेल्या मालाची नोंदच नाही. सील क्रमांक एक, गाडीला लावलेलं दुसरं. अशा वेळी रेषा ओलांडणारा माणूस शोधणारा कॅमेरा निरुपयोगी, कारण तिथला प्रत्येक माणूस अधिकृतपणेच आत आलेला असतो.

इथे उपयोग होतो तो कॅमेरा आणि नोंदी एकमेकांना जोडण्याचा. बॉक्स स्कॅन झाला त्या क्षणाचं चित्र त्या नोंदीला चिकटलेलं असेल, तर ‘अमुक चलनाचा माल चढताना दाखव’ म्हटल्यावर तेवढाच तुकडा समोर येतो. पण त्यासाठी आधी नोंदी धड हव्यात. वहीत अंदाजाने आकडे लिहिणाऱ्या गोदामाला एआय वाचवू शकत नाही.

साठवणीचा खर्चही आधी मोजावा. ४ एमबीपीएस दराने सतत रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. ३२ कॅमेरे आणि ३० दिवस म्हटले की हिशेब ४१ टीबीच्या पुढे जातो. मग पैसे वाचवायला फुटेज सात दिवसांवर आणलं जातं आणि मालाची तूट मात्र महिनाअखेरच्या मोजणीत उघड होते.

कोर्टात काय लागतं?

याचं उत्तर आपल्या जालन्यातून आलं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतल्या उमेदवारी अर्जाच्या वेळेवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला पुरावा होता. पण त्यासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र नव्हतं. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच सादर केलं नसेल तर हे प्रमाणपत्र आवश्यक आहे. सर्व प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तरच त्यातून सूट.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची ‘हॅश’, म्हणजे डिजिटल बोटाचा ठसा म्हणा, तीही नोंदवावी लागते. त्यामुळे मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून ग्रुपवर टाकलेली क्लिप चर्चेला पुरते, खटल्याला नाही.

चोरावर नजर, पण कॅमेऱ्यावर कुणाची?

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा स्वतःच एक दार असतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं फुटेज चोरून ऑनलाइन विकलं गेल्याचं उघड झालं. जे तिथे घडलं ते गोदामातही घडू शकतं. तिथे चोराला आयता मिळतो तो गस्तीचा वेळ आणि मालाची जागा.

सरकारलाही ही चिंता आहे. सरकारी संस्थांमध्ये चिनी कंपन्यांचे सुमारे १० लाख कॅमेरे असल्याचं तत्कालीन राज्यमंत्री आणि अकोल्याचे खासदार संजय धोत्रे यांनी २०२१ मध्ये संसदेत सांगितलं होतं. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोडची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक झाली. तुमच्या भिंतीवर पाच वर्षांपूर्वी टांगलेला कॅमेरा मात्र या चाळणीतून गेलेला नाही.

आणि हमालाचं काय?

चोरासाठी लावलेला कॅमेरा दिवसभर पाहतो तो कामगारांनाच. फ्रान्समध्ये ॲमेझॉनच्या गोदामांबाबत हाच प्रश्न आला. तिथल्या डेटा नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये ३.२ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कामगारांच्या स्कॅनरवरून त्यांचा दहा मिनिटांहून जास्त रिकामा वेळ मोजणं नियामकाला जाचक वाटलं. कॅमेऱ्यांबाबतही दोन दोष निघाले. लोकांना पुरेशी माहिती दिली नव्हती, आणि फुटेज पाहायचं खातं कमकुवत पासवर्डसह अनेक जण मिळून वापरत होते. कंपनीला हे निष्कर्ष मान्य नव्हते.

तो दुसरा दोष वाचून कुठल्याही गोदाममालकाने आपल्या केबिनकडे एकदा पाहावं. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला असण्याची शक्यता बरीच.

भारतात २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने नुकसानीपासून बचावासाठी कर्मचाऱ्यांचा डेटा संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिली आहे. ती मुभा कुठवर ताणता येईल, विश्रांतीच्या खोलीतल्या किंवा माथाडी कामगारांच्या जेवणाच्या जागेवरच्या कॅमेऱ्याला ‘नुकसानीपासून बचाव’ म्हणता येईल का, हे वाद पुढे येतीलच. पण डेटा नीट सांभाळण्याची जबाबदारी त्यातून सुटत नाही. त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली, म्हणजे मे २०२७ पर्यंतची.