रिपोर्ट आणि रोजी

लातूरच्या डाळमिलमधला हमाल असो की नांदेडहून ट्रक घेऊन निघणारा ड्रायव्हर, एचआयव्हीचा रिपोर्ट हाती आला की त्याला आजारापेक्षा रोजी जाण्याची धास्ती जास्त. मग तो गप्प बसतो. गोळ्याही टाळतो.

१९९७ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे असाच एक हंगामी कामगार गेला. अंगात ताकद होती, तरी केवळ रक्ततपासणीमुळे त्याचे काम गेले होते. कोर्टाने त्याचे नावही गुप्त ठेवले आणि काम झेपणाऱ्याला एचआयव्हीमुळे नाकारता येणार नाही, असे बजावले. २०१७ चा कायदाही हेच सांगतो: नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची नाही, संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट फोडता येत नाही. १०० किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी हवा.

आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजात माणसे चार. तिथला अधिकारी म्हणजे शेठच! सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात, पण आणायला दिवस मोडतो. शेठने ती सुट्टी खोदून न विचारता द्यावी. सोबत जेवल्याने हा आजार लागत नाही. उलट नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू पुरता दबला, की नवऱ्याकडून बायकोलाही संबंधातून लागण होत नाही.