आयपॉडच्या विजयाचे खोटे गणित

१/
"आयपॉडने एमपी-थ्री प्लेअरचा शोध लावला" हे विधान जितके खोटे आहे, तितकेच "आयपॉडहून सरस यंत्रे होती, पण लोक जाहिरातीला भुलले" हेही खोटे आहे. पहिले विधान भक्तांचे, दुसरे रुसलेल्यांचे. दोन्ही पक्ष एकाच दुबळ्या पुराव्यावर उभे आहेत: वैशिष्ट्यांचा तुलनातक्ता. हा धागा त्या तक्त्याविरुद्ध आहे.

२/
प्रतिपादन आधीच मांडतो. ही लढाई यंत्रांच्या गुणांवर ठरली नाही. लोकांजवळ आधीपासून असलेली गाणी संगणकातून खिशात नेण्याची वाट कोणी मोकळी ठेवली आणि कोणी अडवली, यावर ती ठरली. आणि ही वाट ज्या कंपनीने न्यायालयात लढून मिळवली, तिचे नाव विजयाच्या कथेत कुठेच येत नाही.

३/
प्रथम तो तक्ता पाहू. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला. क्षमता ५ जीबी, किंमत ३९९ डॉलर, चालणार फक्त मॅक संगणकाबरोबर. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा नोमॅड ज्यूकबॉक्स तेव्हा वर्षभर बाजारात होता. त्याची डिस्क ६ जीबीची होती आणि त्यात ध्वनिमुद्रणाचीही सोय होती. फ्रान्सच्या आर्कोसचा ज्यूकबॉक्सही ६ जीबीचा. आयपॉडमध्ये ना ध्वनिमुद्रण, ना रेडिओ. तक्त्यावर आयपॉड सरळसरळ हरतो. संगणकवेड्यांनी पहिल्याच दिवशी त्याची टिंगल केली ती याच तक्त्याच्या जोरावर.

४/
आयपॉड पहिला तर मुळीच नव्हता. एमपी-थ्री हे तंत्र घडवण्यात जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा. फाइलच्या नावापुढचे ते परिचित शेपूट तिथल्या संशोधकांनी जुलै १९९५ मध्ये निश्चित केले. १९९८ साली दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला. त्याची स्मृती ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत. १९९९ मध्ये, आयपॉडच्या दोन वर्षे आधी, ४.८ जीबी हार्ड डिस्कचा 'पर्सनल ज्यूकबॉक्स' विक्रीस आला. तो डीईसीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जन्मला आणि कोरियाच्या हॅनगो कंपनीने तो विकला.

५/
आता कथेतून गळालेला अध्याय. १९९८ च्या शरदात अमेरिकेच्या डायमंड मल्टिमीडिया कंपनीने 'रिओ पीएमपी ३००' आणला: २०० डॉलर, ३२ एमबी, एक पेन्सिल सेल. अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबरमध्येच त्याच्यावर दावा दाखल केला आणि विक्रीवर काही दिवसांचा मनाई हुकूमही मिळवला. १९९२ च्या ध्वनिमुद्रणविषयक कायद्यानुसार डिजिटल मुद्रणयंत्रात नकलेची नक्कल रोखणारी यंत्रणा बसवणे आणि प्रत्येक यंत्रामागे मानधन भरणे बंधनकारक होते. रिओने हे दोन्ही करावे, अशी मागणी होती.

६/
१५ जून १९९९ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डायमंडच्या बाजूने निकाल दिला. तर्क असा: रिओ गाणे घेतो ते संगणकाच्या हार्ड डिस्कवरून. संगणक हे त्या कायद्याच्या व्याख्येतले मुद्रणयंत्र नाही, म्हणून रिओही नाही. न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. मालकाने स्वतःच्या डिस्कवर असलेले गाणे स्वतःसोबत नेता यावे म्हणून केलेली नक्कल ही खासगी वापराची आहे आणि त्या कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे, असे त्याने नोंदवले.

७/
या निकालाचे वजन ओळखा. तो उलट लागला असता तर प्रत्येक खिशातल्या यंत्राला मानधन आणि नक्कलबंदीची बेडी घेऊनच जन्मावे लागले असते. नोमॅड, आर्कोस, आयपॉड ही सारी या निकालाच्या छायेत वाढलेली भावंडे. आणि डायमंड? १९९९ मध्येच ती एस-थ्री कंपनीत विलीन झाली, पुढे त्या कंपनीचे नाव सॉनिकब्ल्यू झाले, आणि मार्च २००३ मध्ये सॉनिकब्ल्यूने दिवाळखोरीचा अर्ज केला. महिन्याभराने, २८ एप्रिल २००३ रोजी, ॲपलने आपले संगीत दुकान उघडले. दार एकाने उघडले, मिरवणूक दुसऱ्याची निघाली.

८/
याचा अर्थ आयपॉडला श्रेय नाही असा नव्हे. तोशिबाची १.८ इंची डिस्क वापरल्यामुळे तो खरोखर खिशात मावला. नोमॅड दिसायला सीडी प्लेअरएवढा होता. त्याहून महत्त्वाची त्याची तार. यूएसबी १.१ चा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, फायरवायरचा ४००. ५ जीबी म्हणजे ४०,००० मेगाबिट. निव्वळ कागदावर पाहिले तरी पहिल्या तारेने ५५ मिनिटे, दुसऱ्या तारेने दोन मिनिटांहून कमी. प्रत्यक्षात दोन्हींना बराच अधिक वेळ लागे. पण तक्त्यात 'जोडणी' या एका रकान्यात दडलेला फरक केवढा होता, ते यावरून कळावे.

९/
हे श्रेयही एकट्या प्रतिभावंताचे नव्हे. यंत्राच्या गाभ्यातली चिप आणि तिची मूळ रचना पोर्टलप्लेअर या कंपनीची होती, जिचे अभियंते कॅलिफोर्नियाप्रमाणे हैदराबादेतही काम करत होते. पडद्यावरच्या याद्यांमागची प्रणाली पिक्सो कंपनीची, डिस्क जपानची. 'एका माणसाला साक्षात्कार झाला' ही पुराणकथेची रीत झाली. इतिहासाला ती शोभत नाही.

१०/
आता आकडे. नोव्हेंबर २००१ पासून पहिले १० लाख आयपॉड विकायला जून २००३ उजाडला. एप्रिल २००७ मध्ये हाच आकडा १० कोटींवर गेला. यंत्र एकाच वंशाचे. मग पहिली २० महिने चाल इतकी मंद का? कारण त्या काळात वाट अरुंद होती. आरंभी तो फक्त मॅकवाल्यांचा. २००२ च्या मध्यात विंडोजसाठी आला, तोही दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीच्या आधाराने. विंडोजवर आयट्यून्स अवतरले ते ऑक्टोबर २००३ मध्ये. चढण तिथून सुरू होते.

११/
येथे एक आक्षेप अपेक्षित आहे: २००४ ची आयपॉड मिनी आणि २००५ ची नॅनो ही लहान, स्वस्त यंत्रे आल्याने खप वाढला. मान्य, त्यांचा वाटा मोठा आहे. पण लहान आणि स्वस्त यंत्रे प्रतिस्पर्ध्यांकडेही होती. तेव्हा 'लहान आणि स्वस्त' हे उत्तर अपुरे ठरते.

१२/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ॲपल जिंकली ती गाण्यांच्या दुकानामुळे. याला खोडणारा पुरावा खुद्द स्टीव्ह जॉब्सने दिला आहे. फेब्रुवारी २००७ मधील आपल्या जाहीर पत्रात त्याने हिशेब मांडला की ॲपलच्या दुकानातून विकली गेलेली गाणी एका आयपॉडमागे सरासरी २२ पडतात. हजार गाण्यांच्या यंत्रात हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी. उरलेली ९७ टक्के गाणी लोकांच्या जुन्या सीडींवरून उतरवलेली, किंवा इंटरनेटवरून बिनपरवाना घेतलेली. आयपॉड जिंकला तो ॲपलने न विकलेल्या गाण्यांवर. म्हणजेच रिओच्या निकालाने मोकळ्या केलेल्या वाटेवर.

१३/
आता सर्वांत मोठ्या पराभवाकडे वळू. खिशातले संगीत ही कल्पना १९७९ च्या वॉकमनने जगभर नेली. सोनीकडे कारखाने होते, नाव होते, आणि १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतल्यामुळे संगीताचे भांडारही होते. तक्त्यावर ही कंपनी अजिंक्य दिसते. आणि नेमक्या त्या भांडारानेच तिचा घात केला.

१४/
गाणी विकणाऱ्या सोनीला नकलेची भीती, यंत्रे विकणाऱ्या सोनीला नकलेची गरज. या घरच्या भांडणात भीती जिंकली. सोनीच्या डिजिटल वॉकमनला एमपी-थ्री थेट चालत नसे; प्रत्येक गाणे आधी सोनीच्या स्वतःच्या एट्रॅक स्वरूपात बदलून घ्यावे लागे. जुलै २००४ मध्ये आलेला २० जीबीचा एनडब्ल्यू-एचडी १ सुद्धा याच अटीचा. लोकांच्या संगणकात हजारो एमपी-थ्री गाणी पडलेली असताना सोनीने आपल्या दारात जकात नाका बसवला. ध्वनीचा दर्जा, बॅटरीचे तास या रकान्यांत सोनीला हवे तितके गुण द्या. नाक्याचा रकाना तक्त्यात नसतोच.

१५/
क्रिएटिव्हची कथा वेगळी आणि अधिक कडवट. गायक, मग अल्बम, मग गाणे अशा उतरत्या याद्यांमधून संगीत निवडण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट तिला ऑगस्ट २००५ मध्ये मिळाले. तिने ॲपलवर दावा केला आणि ऑगस्ट २००६ मध्ये ॲपलने १० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ज्या सुलभ मांडणीला आपण 'ॲपलची देणगी' म्हणतो, तिच्या हक्कापोटी ॲपलला सिंगापूरला पैसे मोजावे लागले. पण या विजयाने बाजार परत आला नाही.

१६/
"मग कोरियाच्या आयरिव्हरचे काय? तिथे तर वाट मोकळीच होती," असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. २० जीबीच्या आयएचपी-१२० मध्ये रेडिओ होता, ध्वनिमुद्रण होते, आणि फोल्डर उचलून टाकले की गाणी वाजत. पण गाण्यांची नावे दुरुस्त करणे, याद्या लावणे, फोल्डर रचणे हे कष्ट मालकाचे. वाट मोकळी होती, पण झाडलेली नव्हती. आयट्यून्सने ती झाडून दिली, आणि तार जोडताच सारे आपोआप होऊ लागले.

१७/
भक्तांनी मात्र इथे थांबू नये. मोकळ्या वाटेवरून आत आलेल्या ॲपलने मागचे दार लावून घेतले. तिच्या दुकानातली गाणी फेअरप्ले या कुलपात बंद असत आणि अन्य कंपन्यांच्या यंत्रांवर वाजत नसत. जुलै २००४ मध्ये रिअलनेटवर्क्सने आपली गाणी आयपॉडवर वाजतील अशी सोय काढली, तेव्हा ॲपलने तिला जाहीरपणे झोडपले आणि पुढच्या सुधारित आवृत्तीत ती सोय मोडून काढली. आयपॉडमध्ये शिरलेले गाणे आयट्यून्समार्फत सहजी दुसऱ्या संगणकावर परत काढताही येत नसे. रिओच्या निकालाने स्वतःचे गाणे सोबत नेण्याचा जो वापर वैध ठरवला होता, त्यालाच ही कात्री.

१८/
प्रतिस्पर्धी याहून सोज्वळ होते काय? मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे 'हमखास वाजणार', अशी मोहोर काढली. क्रिएटिव्हसारख्या अनेक यंत्रकंपन्या आणि गाण्यांची दुकाने तिच्या भरवशावर उभी राहिली. मग नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून आणला. ३० जीबी, आयपॉडहून मोठा पडदा, रेडिओ, वायफाय: तक्त्यावर पुन्हा सरस. पण 'हमखास वाजणार' अशा मोहोरेची गाणी झूनवर वाजत नव्हती! वायफायने मित्राला दिलेले गाणे तीनदा ऐकल्यावर किंवा तीन दिवसांनी बंद पडे.

१९/
या लढाईची किंमत भरली कोणी? प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यांनी. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळवले की एमएसएन म्युझिकवरून घेतलेल्या गाण्यांना ऑगस्टनंतर नव्या संगणकावर परवाना मिळणार नाही. ओरड झाल्यावर ही मुदत वाढवावी लागली. ज्याने फुकट उतरवले त्याचे गाणे आजही वाजते. ज्याने विकत घेतले तो कुलपाच्या मालकाच्या मर्जीवर राहिला. २००९ च्या आरंभी ॲपलनेही आपल्या दुकानातल्या गाण्यांची कुलपे काढली, तोवर बरीच गाणी खिशातून हरवली होती.

२०/
आणि आपण? आयट्यून्सचे संगीत दुकान भारतात आले डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेनंतर नऊ वर्षांनी. तोवर आपल्याकडे गाणी फिरत होती ती एमपी-थ्री सीडींवरून आणि मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून घेतलेल्या संग्रहांतून. 'आयपॉडने संगीत बदलले' हे वाक्य मराठीत जसेच्या तसे उतरवणारे लोक दुसऱ्याच्या गावाचा इतिहास आपल्या वेशीवर टांगतात. आपल्या खिशातल्या संगीताचा इतिहास लिहायचा तर तो त्या दुकानांपासून आणि त्या कार्डांपासून लिहावा लागेल.

२१/
झून २०११ मध्ये संपला. डिस्कवर चालणारा आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि उरलेला अखेरचा आयपॉड मे २०२२ मध्ये. तक्त्यातले सारे रकाने आता सारखेच निरर्थक झाले. टिकले आहे ते वेगळेच. २००१ मध्ये आर्कोसच्या यंत्रासाठी काही हौशी मंडळींनी 'रॉकबॉक्स' ही मुक्त प्रणाली लिहायला घेतली. पुढे ती आयरिव्हरवर चालली आणि आयपॉडवरही. विजेता आणि पराभूत, दोघांनाही त्यांच्या कंपन्यांनंतर जिवंत ठेवणारे हात वापरणाऱ्यांचे होते.

२२/
म्हणून तरुण मित्रांनो, यापुढे कोणी दोन यंत्रांचा तक्ता पुढे करून 'म्हणून हा जिंकला' असे सांगेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. वाट कोणी उघडली? नाका कोणी बसवला? कुलपाची किल्ली कोणाकडे राहिली? आज महिन्याच्या वर्गणीवर गाणी ऐकणाऱ्या पिढीने तर तिसरा प्रश्न स्वतःलाही विचारावा. आक्षेप असतील तर खाली अवश्य मांडा. मात्र गुणांची यादी नको, सनावळीसह पुरावा हवा.

(धागा समाप्त)